गटारीनंतरचे चार दिवस

आषाढी अमावस्या जवळ आली की तालुक्याच्या गावात एक वाक्य हमखास कानावर येतं: "गटारीला शेवटची, मग श्रावणभर हात लावायचा नाही." महिन्यातून एखाद-दोनदा मित्रांबरोबर बसणाऱ्यानं हे म्हटलं तर त्यात काळजीचं काही नाही. पण सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी नव्वद मारणारा माणूस हे म्हणतो आणि ते ऐकून त्याची बायको देवापुढे साखर ठेवते, तेव्हा त्या घरात पुढच्या चार दिवसांत काय होऊ शकतं हे कुणीतरी सांगायला हवं. सहसा सांगत कुणीच नाही. उलट मेहुणे, चुलते, शेजारी सगळे मिळून "मनावर घेतलं की होतं रे" म्हणून पाठ थोपटतात.

दारू सोडावी का, यावर वाद घालायला इथे बसलेलो नाही. सोडावीच. कशी सोडायची, एवढाच प्रश्न आहे. लहान गावात जीव जातात ते बऱ्याचदा या "कशी"च्या घोळात.

आधी हिशोब. किती पितो हे घरी कुणी खरं सांगत नाही, त्यामुळे रिकाम्या बाटल्यांवरून काढावा. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडची देशी संत्रा घ्या नाहीतर इंग्लिश व्हिस्की-रम, लेबलवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये ७७ मिली, वजनात ६१ ग्रॅमच्या आसपास निव्वळ अल्कोहोल. "मी दारू सोडली, आता फक्त बियर घेतो" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: ६५० मिलीच्या आठ टक्केवाल्या स्ट्राँग बियरमध्ये ४१ ग्रॅम असतं. दीड बाटली स्ट्राँग म्हणजे एक क्वार्टर. हातभट्टीचा हिशोब मात्र लागत नाही. प्रत्येक भट्टीचा आणि प्रत्येक दिवसाचा माल वेगळा.

लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निस्तरतं, सराईत पिणाऱ्याचं थोडं जास्त. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते नऊ तास. रात्री दहाला दोन क्वार्टर रिचवलेला माणूस सकाळी आठला दात घासून, टापटीप होऊन ट्रॅक्टरवर बसतो तेव्हा त्याच्या रक्तात दारू असतेच. त्याला स्वतःला मात्र आपण शुद्धीवर आहोत असं अगदी मनापासून वाटत असतं.

पण मापापेक्षाही महत्त्वाचा एक प्रश्न आहे आणि तो विचारायला डॉक्टर लागत नाही: सकाळचा उतारा लागतो का? उठल्याउठल्या हात कापतात, मळमळतं, घाम फुटतो आणि दोन घोट पोटात गेले की सगळं थांबतं, असं होत असेल तर मेंदूनं दारू गृहीत धरलेली आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते. रोज दाबून ठेवलं की मेंदू उलट जोर लावून जागा राहायला शिकतो. मग एके दिवशी दाब अचानक निघतो, पण उलटा जोर तसाच चालू राहतो. त्यातूनच थरथर, झोप उडणं, फिट येणं, भास होणं. पिणाऱ्यांच्या आणि व्यसनमुक्ती केंद्रांच्या भाषेत याला 'टर्की' म्हणतात. यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. मनानं कितीही खंबीर असला तरी फिट यायची ती येते.

आता श्रावणाचा मुद्दा. दर वर्षी एकदम बंद करायचं, महिना कसाबसा काढायचा आणि पुन्हा दुप्पट जोमानं सुरू करायचं, ही पद्धत वरून भक्तीची दिसते. मेंदूच्या बाजूनं ती वाईट आहे. प्रत्येक टर्की पुढची टर्की जास्त जड करून ठेवते. पहिल्या वर्षी नुसते हात कापले, तिसऱ्या वर्षी रात्रभर भास झाले, पाचव्या वर्षी फिट आली, अशी चढण असते. म्हणून "मागच्या श्रावणात काही झालं नव्हतं" हा दिलासा कामाचा नाही. आणि "श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही" हा युक्तिवाद तर पिणाऱ्यांच्या कोठारातला सगळ्यात जुना. महिनाभर न पिणं पुष्कळांना जमतं. न पिता बसलेला असताना डोक्यात श्रावण संपल्यावरची पहिली बैठक घोळत असते का, ते विचारा.

शेवटच्या घोटापासून घड्याळ लावा. सहा ते आठ तासांत थरथर, घाम, छातीत धडधड, उलटीची भावना, चिडचिड. बारा ते चोवीस तासांत काहींना भास सुरू होतात, पण आपण कुठे आहोत हे त्यांना कळत असतं. फिट येण्याचा धोका सहाव्या तासापासून अठ्ठेचाळिसाव्या तासापर्यंत, आणि ती काहीही पूर्वसूचना न देता येते. कधीकधी फिट हेच पहिलं लक्षण असतं. दोन ते चार दिवसांच्या मधला टप्पा सगळ्यात वाईट. त्याला डिलिरियम म्हणतात: माणूस बरळतो, बायकोला ओळखत नाही, अंगात ताप, नाडी जोरात, घामानं बनियन भिजलेली. गटारीच्या रात्री शेवटची घेतली असेल तर हे तिसऱ्या रात्रीच्या आसपास येतं, म्हणजे "पहिले दोन दिवस निघाले, आता काळजी नाही" असं सगळे म्हणायला लागल्यावर.

त्या तिसऱ्या रात्री काय दिसतं ते नीट सांगतो, कारण घराघरात ते चुकीचं वाचलं जातं. माणूस गोधडीवरून काहीतरी वेचत असतो; किडे, मुंग्या, दोरे. भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवून तिथे कुणीतरी बसलंय म्हणतो. नसलेली बिडी ओढतो. गवंडी असेल तर हवेत थापी फिरवतो, ड्रायव्हर असेल तर गिअर टाकतो. आणि मग आजी किंवा आत्या म्हणते, "याला बाहेरचं झालंय." पहाटेपर्यंत वाट बघून भगताकडे नेतात, तिथे लिंबू, अंगारा, उतरवणं. यात आठ-दहा तास जातात आणि जीव जातो तो याच तासांत. अंगारा लावायचाच असेल तर गाडीत बसवून लावा, पण गाडी दवाखान्याकडे जाऊ द्या. १०८ ला फोन करताना "दारू बंद केल्यामुळे भ्रम झालाय, ताप आहे" एवढं स्पष्ट सांगा. "चक्कर आलीय" म्हणू नका.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, आजूबाजूची कळशी-पाटा बाजूला करायचा, किती मिनिटं चालली ते बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, कांदा आणि चप्पल तर मुळीच हुंगवायची नाही. चप्पल हुंगवल्यावर फिट थांबते असं वाटतं कारण बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, किंवा एक थांबून माणूस शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर एक क्षणही घरी थांबू नका. आणि थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचंच.

मग गावातला दवाखाना. इथे दुसरा घोळ होतो. अशक्तपणा दिसला की सलाईनची बाटली, हे समीकरण पक्कं आहे, पेशंटलाही तीच हवी असते. पण वर्षानुवर्षं जेवणाऐवजी दारू पिणाऱ्याच्या शरीरात बी-१, म्हणजे थायमिन, जवळजवळ संपलेलं असतं. ग्लुकोज जाळायला तेच लागतं. नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते: डोळे स्थिर राहत नाहीत, चाल फाकते, माणूस गोंधळतो. वेळीच थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. नवीन काही लक्षात राहत नाही आणि मधल्या जागा तो मनानेच भरून सांगत राहतो. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. साखर धोक्याइतकी उतरली असेल तर ग्लुकोज रोखून धरायचं नसतं, दोन्ही एकदम द्यायचं. डॉक्टरला विचारायला लाजू नका: "साहेब, बाटलीच्या आधी बी-१ दिलं का?" चांगला डॉक्टर चिडणार नाही. पुढे काही आठवडे रोज थायमिनची गोळी, शंभर मिलिग्रॅमची, स्वस्त असते.

घरी राहून सोडता येते का? काहींना येते. पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झालेला नाही, कावीळ नाही, पोटात पाणी नाही, रक्ताची उलटी नाही, जीव द्यायची भाषा नाही, वय साठच्या खाली आहे आणि चार रात्री आळीपाळीनं जागणारं माणूस घरात आहे, अशाला डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी सोडवता येते. यातलं एक जरी बसत नसेल किंवा सकाळचा उतारा लागत असून रोजचं माप दोन क्वार्टरच्या वर असेल, तर भरती करा. ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ सहसा नसतो. जिल्ह्याच्या सिव्हिलला असतो, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्यालाही येते. तो वार आधी विचारून ठेवावा. फोनवर विचारायचं तर व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

टर्कीचं औषध जुनं आणि भरवशाचं आहे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी डोस जास्त, मग रोज थोडा कमी करत पाच ते सात दिवसांत शून्य. मेंदूला एकदम न सोडता उतरणीवरून आणायचं, एवढंच त्याचं काम. डोस डॉक्टर ठरवेल, पण घरच्यांचं काम दोन गोष्टींचं आहे. पाकीट पेशंटच्या हातात द्यायचं नाही, वेळेवर एकेक गोळी समोर द्यायची. आणि गोळ्या चालू असताना तो प्यायला, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरला फोन करायचा. दोन्ही मिळून झोपेतच श्वास मंदावतो. सहा-सात दिवसांनंतर त्या गोळ्या बंद म्हणजे बंद. अंगदुखीला घरातली पॅरासिटामॉल भसाभस देऊ नका, खराब लिव्हरला तीही जड जाते.

खाण्यात हट्ट नको. पहिले दोन दिवस भाताची पेज, मऊ वरणभात, ताक, केळं, मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी, थोडं थोडं आणि वारंवार. मटण पुढच्या आठवड्यात. खोलीत रात्री दिवा चालू ठेवा, अंधारात भास वाढतात. भास होत असताना "काही नाही तिथे, वेडा झालास का" असं भांडायचं नाही. नाव घेऊन, कुठे आहे, कोणता वार आहे, हे शांतपणे सांगत राहायचं. दोरीनं बांधायचं नाही.

बांधण्यावरून केंद्रांचा विषय. महाराष्ट्रात चांगली केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीचा त्याला आधार होता, आणि व्यसनी माणसाला मारहाणीशिवाय, सन्मानानं बरं करता येतं हे मराठी घरांना तिथूनच कळलं. पण महामार्गालगत, शेतातल्या गोडाऊनमध्ये, पाटी लावून चालणारी ठिकाणंही आहेत. त्यांना फोन केल्यावर चार जण जीपमधून येतात, माणसाला उचलतात आणि तीन महिने घरच्यांना भेटू देत नाहीत. घरचे थकलेले असतात, त्यांना ते सोयीचंही वाटतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार येतात, आणि त्या कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे. अशा केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती दाखवा म्हणा. पुढे विचारा: पहिल्या पाच दिवसांत औषध कोण देतो? रात्री डॉक्टर किंवा नर्स असते का? भेटीचा वार कोणता? सोडल्यानंतर फॉलोअप किती दिवस? "आमच्याकडे औषध लागतच नाही, शिस्तीनं सोडवतो" असं उत्तर आलं तर उठून या. फिट शिस्तीला घाबरत नाही.

आणि त्या भिंतींवरच्या जाहिराती. एसटी स्टँडच्या मुतारीपासून पुलाच्या कठड्यापर्यंत रंगवलेलं असतं: "पेशंटच्या नकळत दारू सोडवा", खाली मोबाईल नंबर. पुडी येते, ती आमटीत किंवा चहात कालवायची. बायका, आया हे हतबल होऊन करतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं, आणि त्यात डायसल्फिराम असेल तर तो खेळ जिवावरचा आहे. हे औषध दारूचं पचन मधेच अडवतं, त्यामुळे अॅसिटाल्डिहाइड नावाचं विष रक्तात साठतं. दारू पोटात गेली की दहा-पंधरा मिनिटांत तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असलेला माणूस यात जाऊ शकतो. बरं, त्याला काही सांगितलेलंच नसल्यामुळे तो "पित्त झालं" म्हणून आणखी दोन घोट घेतो.

हेच औषध उघडपणे, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून दिलं तर पुष्कळांना उपयोगी पडतं. शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास, शक्यतो एक पूर्ण दिवस गेल्यावर सुरू करतात. रोज सकाळी २५० मिलिग्रॅमची एक गोळी, बायको किंवा भाऊ समोर असताना. फायदा असा की संध्याकाळची लढाई सकाळीच संपते: आज गोळी घेतली, म्हणजे आज प्यायचा प्रश्नच नाही. गोळी बंद केली तरी परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, हे पेशंटला लिहून द्यावं. आणि फसव्या वाटा बंद कराव्यात: काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीचे टिंक्चर, आणि आपल्याकडे निरुपद्रवी समजली जाणारी आसवं-अरिष्टं. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. घरात दुसऱ्या कुणासाठी बाटली असेल तरी कुलपात ठेवा.

ओढ कमी करणारी दोन औषधं तालुक्यात फारशी कुणी लिहून देत नाही, म्हणून नावं सांगून ठेवतो. नॅलट्रेक्सोन, ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. लिव्हरची तपासणी करून, आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं किंवा कोडिनचं सिरप घेत नसेल तरच. अॅकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. किडनी ठीक असेल तर. डायसल्फिरामसारखी ही दोन्ही दारूवर उलटत नाहीत. सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागतात, आणि ती महिन्यात सोडून "औषधाचा उपयोग नाही" म्हणणारेच जास्त.

आता घरी परत आल्यावरचं. शहरात माणूस गल्ली बदलू शकतो. तालुक्यात स्टँड एकच, परमिट रूम दोन, आणि देशीच्या दुकानावरचा पोरगा त्याला "मामा" म्हणतो. धोक्याची वेळ ठरलेली असते: साडेसहा ते साडेआठ. कामावरून सुटायचं, अंधार पडायचा, पावलं आपोआप वळायची. हे दोन तास कशानं भरायचे, हे डिस्चार्जच्या आधी लिहून काढावं, वार आणि जागेसकट. "काहीतरी छंद जोपास" हा सल्ला देणाऱ्याला माझा नमस्कार.

माळ घालण्याचं या बाबतीत कौतुक वाटतं आणि ते श्रद्धेपलीकडचं आहे. तुळशीची माळ गळ्यात आली की हळदीच्या मांडवात "घे रे एक" म्हणणाऱ्याला "माळकरी आहे" एवढं सांगितलं की विषय संपतो. मराठी गावात दारू नाकारायचं एवढं सोपं आणि मान राखणारं कारण दुसरं नाही. शिवाय देवळात हरिपाठ असतो संध्याकाळी, नेमक्या त्याच वेळेला, टाळ हातात, शेजारी ओळखीची माणसं, आणि दुसऱ्या दिवशी दिसला नाही तर कुणीतरी विचारतं. फक्त रोज क्वार्टर-दोन क्वार्टर लागणाऱ्यानं आषाढीला माळ घालून त्याच दिवसापासून एकदम बंद करू नये, किंवा दारू सोडल्यानंतरचे पहिले चार दिवस वारीच्या वाटेवर काढू नयेत. आधी डॉक्टर, मग माळ. विठोबा आठ दिवस थांबतो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा, म्हणजे एए, बऱ्याच जिल्ह्यांच्या आणि मोठ्या तालुक्यांच्या गावी मराठीत चालतात. फी नाही, नाव-आडनाव विचारत नाहीत, शेवटी एक डबा फिरतो त्यात ज्याला जे जमेल ते. अडचण लहान गावातली: शाळेच्या ज्या वर्गात सभा भरते, त्याच्या समोरच्या टपरीवर अर्धं गाव बसलेलं. खरं तर तो पितो हे त्या टपरीला दहा वर्षांपासून माहीत असतं, लपवायचं ते सोडतोय हेच. तरीही संकोच वाटत असेल तर सुरुवातीला शेजारच्या तालुक्याची सभा धरावी, परतीची शेवटची एसटी बघून. बायकोसाठी आणि मुलांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तिथे न्यायला हरकत नाही, कारण पहिले सहा महिने घर जास्त बिथरलेलं असतं. नवरा बाथरूममधून पाच मिनिटं उशिरा आला तरी तोंडाचा वास घ्यायचा, हे चूक नाही, पण रोज चारदा झालं की तो म्हणतो, "असाही संशय, तसाही संशय, मग पितोच." त्यापेक्षा सकाळी समोर घेतलेली गोळी हा दोघांनी मान्य केलेला पुरावा धरावा आणि दिवसभर पोलिसगिरी बंद.

पैसा हातात येतो ते दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा. कांद्याची पट्टी, उसाचं बिल, तोडणीची उचल, दिवाळीचा बोनस. बाजार समितीत एकट्यानं जायचं नाही, रक्कम खात्यावर, खातं दोघांच्या सहीचं. फोनवरच्या यूपीआयला रोजची मर्यादा घालता येते; पूर्ण बंद केलं तर माणूस उधारीवर जातो आणि बारवाल्याची वही शांतपणे वाढत राहते. ती जुनी उधारी बायकोनं किंवा भावानं जाऊन एकदाच चुकती करावी, पेशंटला "तेवढे पैसे देऊन येतो" म्हणून पाठवू नये. या वाक्यावर किती जण परत आलेले नाहीत याला गणती नाही. तेराव्याच्या आदल्या रात्री, लग्नातल्या हळदीला आणि यात्रेत त्याच्याबरोबर न पिणारं एक माणूस ठरवून ठेवावं आणि साडेसातला उठून निघायचं आधीच सांगून ठेवावं.

शरीर मात्र वेळ घेतं. झोप नीट लागायला दोन-तीन महिने लागतात, स्वप्नात पितो आणि दचकून उठतो. गोड खावंसं वाटतं, खाऊ द्या. चिडचिड भयंकर, घरचे म्हणतात, पीत होता तेव्हा बरा होता. या काळात दुसरीच खोड लागते. झोपेसाठी कुणीतरी अल्प्राझोलाम सांगतं, मेडिकलवाला ओळखीचा असतो, चिठ्ठीशिवाय पाकीट मिळतं. मालेगाव भागात 'कुत्ता गोली' म्हणून कुप्रसिद्ध झालेली ती हीच जात. दारूची जागा गोळी घेते आणि तिची टर्कीही तशीच, फिट येणारी. कोडिनच्या सिरपचंही तेच. झोप येत नाही हे डॉक्टरला सांगा, काउंटरवरच्या पोराला नको.

दुकान बंद झालं की प्रश्न मिटला, असं समजणाऱ्यांसाठी एक आठवण. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारूऐवजी सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. बाटली आडवी करण्याच्या मतदानाला माझा पाठिंबाच आहे, पण मतदानाच्या निकालाबरोबर ग्रामीण रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइड आणि थायमिनचा साठा आहे का, हेही ग्रामसभेनं विचारावं. भेसळीच्या दारूची खूण लक्षात ठेवा: प्यायल्यावर अर्धा-एक दिवसानं डोळ्यांपुढे धुकं, पोटात कळ, धाप. मिथेनॉल असू शकतं. झोपू देऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात.

घसरला तर? पुष्कळ जण घसरतात, पहिल्या वर्षात तर हमखास. एका संध्याकाळी प्यायला आणि दुसऱ्या सकाळी थांबला, थरथर नाही, तर परत भरती करायची गरज नसते. त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा एएतल्या जुन्या माणसाला फोन आणि संध्याकाळी सभा. दोन-तीन दिवस सलग झाले तर घरी एकदम बंद करू नका, जुना केसपेपर घेऊन पुन्हा डॉक्टर. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर मात्र घरात वाट बघत बसायचं नाही, लगेच १०८. डॉक्टरला औषधाचं रिकामं पाकीट दाखवा, आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला ते केसपेपरवर आकड्यात लिहून घ्यायला सांगा.